सुईएवढी वाट

पावसाळा सरता सरता खाणीत खालून पाणी लागलं. मालकाने आठ दिवस पंप चालवले, नवव्या दिवशी पंप गाडीत घातले आणि दहाव्या दिवशी मालकच दिसेनासा झाला. माणसं दोन दिवस खाणीच्या काठावर नुसती बसून राहिली. खाली हिरवं पाणी हळूहळू चढत होतं. त्यांच्यातल्या एकाने ज्या कपारीत उभं राहून सत्तावीस वर्षं दगडाला भोकं पाडली ती कपार पाण्याखाली गेली, तेव्हा तो उठला, पँट झटकली आणि घरी येऊन बायकोला म्हणाला, "चल. तुझ्या भावाकडे जाऊ."

बायको भांडी घासत होती. हात तसेच राखेत ठेवून तिने वर बघितलं. लग्नाला तीस वर्षं झाली होती, पण या माणसाने तिच्या माहेरी कधी सलग तीन दिवस काढले नव्हते.

"किती दिवसांसाठी?"

"ते त्यालाच विचारू," तो म्हणाला आणि कोनाड्यातली पत्र्याची पेटी खाली काढायला लागला. पेटी काढताना त्याला धाप लागली. पेटी जड होती, असं दोघंही धरून चालली.

खाणीत त्याला सगळे पहार म्हणत. उंच, सरळ, आणि जिथे लावाल तिथे जोर करणारा. मेहुण्याच्या घरी मात्र तो दाजी. थोरल्या बहिणीचा नवरा. दाजी आला की त्याला आधी पाणी, आधी ताट, आणि घरात एकच खुर्ची असेल तर ती त्याची. मेहुण्याच्या घरात एकच खुर्ची होती. पहिल्या दिवशी दाजी तिच्यावर बसला, चहा प्याला आणि कप खाली ठेवून म्हणाला, "खाण बुडाली. मला तुझं काम शिकव."

मेहुणा त्याच्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान. दाजीच्या लग्नात हा पोरगा मांडीवर झोपला होता. त्याने रिकामा कप उचलून बाजूला ठेवला.

"दाजी, हे बारीक काम आहे. तुमचे हात…"

"हातांचं मी बघतो."

आतून मेहुण्याची बायको, भावजय म्हणाली, "बघा हं दाजी. दगडाला मारलं तर दगड फुटतो. आमच्या लाकडाला मारलं तर वर्ष फुटतं."

ती बोलली ते खोटं नव्हतं. मेहुणा तंबाखू ओढायचे लाकडी पाईप करायचा. बाप करत होता, बापाच्या मागे हा. मागच्या डोंगरावर एक काटेरी झुडूप यायचं. वर बघाल तर शेळीही तोंड लावणार नाही असलं, पण त्याच्या मुळाशी माणसाच्या डोक्याएवढी गाठ धरायची, आणि त्या गाठीचं लाकूड विस्तवाला दाद देत नसे. ती गाठ हिवाळ्याच्या शेवटी खणायची, करवतीने तिचे मुठीएवढे ठोकळे पाडायचे, अर्धा दिवस पाण्यात उकळायचे आणि मग तीन वर्षं अंधाऱ्या खोलीत पोत्यांखाली ठेवायचे. महिन्यातून एकदा सगळे उलटायचे, पुन्हा झाकायचे. त्या खोलीत तीन राशी होत्या. यंदाची, पुढच्या वर्षीची आणि त्याच्या पुढची. यंदाच्या राशीत चौपन्न ठोकळे होते. चौपन्न म्हणजे चौपन्न. बिघडले तर पंचावन्नावा आणायला कुठल्या बाजारात जाणार?

"दुकानदार म्हणालाय," मेहुणा म्हणाला, "यंदा चाळीस पाईप दे. एकही खोट निघाली नाही तर पुढच्या हंगामापासून दोन माणसांचं काम देतो. मी एकटा तिसांवर जात नाही. गडी ठेवणारच होतो."

"मग मी गडी," दाजी म्हणाला.

"असं म्हणू नका."

"म्हटलं काय, नाही म्हटलं काय. मागची पडवी मोकळी आहे ना? आम्ही दोघं तिथे राहू. काम जमलं तर राहू."

न जमलं तर काय, ते कोणीच बोललं नाही. बहीण भावाकडे राहील आणि दाजी कुठल्या तरी वीटभट्टीवर जाईल, हे न बोलता सगळ्यांना कळलं होतं. एक्कावन्न वर्षांच्या माणसाला वीटभट्टीशिवाय घेतं कोण?

दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्ची भिंतीशी सरकवलेली होती. कामाच्या खोलीत मेहुण्याच्या समोर एक बुटकं स्टूल मांडलं होतं. दाजी त्यावर बसला तेव्हा त्याचे गुडघे छातीला लागले.

*

शिकवताना मेहुणा त्याला 'तुम्ही' म्हणायचा आणि शिकताना दाजी मेहुण्याला 'तू'.

"दाजी, कानस घासू नका, ढकला. येताना उचला."

"तू उचलतोस कुठे?"

"मी उचलतो, तुम्हाला दिसत नाही."

पाईपला भोकं तीन. वरून तंबाखूची वाटी, दांड्याच्या तोंडाला नळी बसवायची खाच, आणि त्या खाचेतून वाटीच्या बुडापर्यंत जाणारी धुराची वाट. ही वाट विणायच्या सुईएवढी. गिरमिटाने ती आंधळी पाडायची असते. लाकडाच्या आत काय चाललंय ते दिसत नाही, आणि गिरमिटाचं टोक वाटीच्या तळाला, बरोबर मध्यभागी बाहेर यायला हवं. वर निघालं तर तळाशी ओल साठते. खाली गेलं तर बूड जळतं. बाजूला गेलं तर ठोकळा गेला.

दाजीचा पहिला ठोकळा बाजूला गेला. गिरमिटाचं टोक दांड्याच्या कुशीतून बाहेर आलं आणि त्याच्याच अंगठ्याखाली लागलं.

मेहुण्याने उठून खिळ्यावरची सुतळी काढली, बिघडलेला ठोकळा तिच्यात ओवला आणि दाजीच्या स्टुलासमोर, डोळ्यांच्या उंचीवर टांगला.

"हे काय?"

"बाबांची रीत. चुकलेला पाईप चुलीत घालायचा नाही, समोर टांगायचा. माझे सतरा होते."

"आणि उतरवायचे कधी?"

"पहिला नीट झाला की."

दुसरा ठोकळा वर निघाला. तिसरा फुटला. चौथ्याला दाजीने इतका हलका हात लावला की गिरमिट जागच्या जागी फिरून लाकूड करपलं. ज्या हातांनी कातळ फोडला ते हात मुठीएवढ्या लाकडाला भ्यायला लागले. तळहाताला बोटभर जाड घट्टे, त्यांना लाकडाची नस लागायची नाही. मेहुणा म्हणायचा, "बोट फिरवा, इथे रेघ लागते बघा." दाजी बोट फिरवायचा. त्याला काही लागायचं नाही. मग तो "हो" म्हणायचा.

भावजय झाडायला यायची तेव्हा मुद्दाम त्या माळेखाली वाकून जायची. "सांभाळून हं," ती नणंदेला सांगायची, "तुमच्या ह्यांचं तोरण डोक्याला लागेल."

नणंद हसायची. घरात हसली नाही तर राहायचं कसं?

दिवसभर खोलीत लाकडाचा भुसा उडायचा. लालसर, पिठासारखा. दाजी खोकायचा. मेहुण्याने खिडकी उघडून दिली, तरी खोकायचा. "सवय होईल," मेहुणा म्हणाला. "दगडाची धूळ बरी होती," दाजी म्हणाला, "ती निदान ओळखीची होती."

खाणीत एक बोलणं होतं. चाळिशीनंतर एखाद्या गड्याला आडवं होऊन झोप यायची बंद व्हायची. तो भिंतीला पाठ लावून, बसूनच रात्र काढायचा. मग माणसं म्हणायची, 'तो भिंतीला लागला.' एकदा माणूस भिंतीला लागला की त्याच्याशी कोणी पुढच्या वर्षाचं बोलत नसे. दाजीबरोबर कामाला लागलेले सगळे भिंतीला लागून गेले होते. "मी वेळेत सुटलो," दाजी बायकोला म्हणायचा. "पाणी लागलं ते एका परीने बरंच झालं."

पडवीतली जमीन उंचसखल आहे म्हणून तो उशाखाली एक पोतं दुमडून घ्यायचा. थंडी वाढली तसं दुसरं घेतलं. पुढे तिसरं. सकाळी बायको अंथरूण काढायची तेव्हा ती पोती एकावर एक रचायची आणि त्या ढिगाकडे बघायची नाही.

*

माळेत अकरा झाले. बाराव्या ठोकळ्याच्या वेळी बाहेर कडक ऊन होतं, हवा कोरडी. दाजीने ठोकळा शिकंज्यात आवळला, गिरमिट किती आत जायचं त्याच्या खुणेचा दोरा त्याला गुंडाळला आणि डोळे मिटले. का मिटले ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. हात फिरत राहिला. मध्येच एका जागी लाकूड जरा नरम लागलं, तिथे तो थांबला, गिरमिट केसभर उचललं आणि पुन्हा फिरवलं. दोरा दांड्याला टेकला. त्याने गिरमिट काढलं आणि ठोकळा उजेडात धरला. वाटीच्या तळाशी, बरोबर मध्यभागी, उजेडाचा एक ठिपका होता.

मेहुण्याने ठोकळा घेतला. फिरवला, पुन्हा फिरवला. दांड्याचं टोक ओठांत धरून हळूच श्वास आत ओढला.

"जातंय," तो म्हणाला.

मग उठून त्याने अकरा ठोकळ्यांची माळ खिळ्यावरून काढली आणि दाजीच्या हातात दिली. दाजीने ती पडवीत नेऊन बायकोला दाखवली, जशी काही एखादी मिळवून आणलेली वस्तू असावी.

"आता हिचं काय करू?" तिने विचारलं.

"ठेव. म्हाताऱ्याच्या कामाला येईल."

"कोण म्हातारा?"

"मीच की. आपल्याला आता इथेच म्हातारं व्हायचंय."

त्या दिवसापासून काम धावायला लागलं. घट्टेही भुशाने घासून घासून पातळ होत गेले आणि एका सकाळी दाजीच्या बोटाला लाकडाची रेघ लागली. तो दिवसभर पुन्हा पुन्हा तिथेच बोट फिरवत राहिला. मेहुणा भोकं पाडायचा, दाजीही पाडायचा. दोघं समोरासमोर बसून वाट्या गोल करायचे, दांडे उतरवायचे. दाजीची बायको अंगणात काचकागद घेऊन बसायची. अठ्ठावीस पाईप मेहुण्याचे, पंधरा दाजीचे. एकूण त्रेचाळीस. दुकानदाराला हवे होते चाळीस.

भावजयसुद्धा एकदा उंबऱ्यात थबकून म्हणाली, "यातले दाजींचे कोणते?" आणि मेहुण्याने मान वर न करता सांगितलं, "ओळखून दाखव." तिला ओळखता आले नाहीत. त्या दिवशी तिने दाजीला चहा दिला तो कान तुटलेल्या कपातून नाही.

*

थंडी सरायला लागली तसं डोंगरावर गाठी खणायचे दिवस आले. रस मुळात उतरलेला असतो तोवरच खणायचं, नाहीतर लाकूड पुढे तडकतं. मेहुणा दरवर्षी खणणाऱ्यांबरोबर दहा दिवस वर जायचा. यंदा तो गेला तेव्हा पाईप घडून तयार होते. राहिली होती फक्त धुराच्या वाटेची शेवटची पारख, मग मेण आणि पेटी भरणं.

दारात खणणाऱ्यांची गाडी उभी होती, हॉर्न वाजत होता. मेहुणा पायांत बूट घालता घालता सांगत होता.

"दाजी, एवढं एकच राहिलंय शिकवायचं. एकेक पाईप घ्यायचा. रिकामाच. नळी ओठांत धरायची आणि सावकाश ओढायचा. असा." त्याने एक पाईप उचलून ओढला. "काही लागलं नाही पाहिजे. तोंड उघडं ठेवून श्वास घेतो ना आपण, तसं. जिथे कोंडतंय असं वाटेल तिथे नळी काढा आणि पुढच्या नंबरचं, जरा जाड गिरमिट एकदा फिरवा. एखाददुसराच निघतो असा."

"डोळ्याने नाही का बघता येत?"

"नाही. भोक डोळ्याने बघायचं नसतं, छातीने बघायचं. बाबा म्हणायचे, लाकूड हाताचं, वाट छातीची." हॉर्न पुन्हा वाजला. "जातो. दुकानदार यायच्या आत परततो."

गाडी गेली. धूळ खाली बसल्यावर दाजी आत आला आणि यावेळी मेहुण्याच्या जागेवर बसला. बायको समोर मेणाची वाटी आणि फडकं घेऊन बसली.

पहिला पाईप त्याने स्वतःचाच घेतला. नळी ओठांत धरली, ओढली. कोंडत होतं. छातीत काहीतरी अडत होतं, जसं फडकं तोंडावर धरून श्वास घ्यावा. "हं," तो म्हणाला, "माझा आहे. कोंडणारच." नळी काढली, पुढचं गिरमिट फिरवलं, भुसा झटकला, पुन्हा ओढलं. तरी थोडं कोंडलं. त्याने त्याच्याही पुढचं गिरमिट घेतलं. आता जरा बरं वाटलं.

दुसरा तसाच. तिसरा तसाच. आपले पंधराही पाईप कोंडलेले निघाले तेव्हा दाजीचं तोंड एवढंसं झालं. मेहुण्याने त्या दिवशी 'जातंय' म्हटलं ते दाजीचं मन राखायला म्हटलं असणार, असं त्याला वाटलं. मग त्याने मेहुण्याचा पहिला पाईप उचलला. हा कसा असतो ते तरी कळू दे.

तोही कोंडत होता.

दाजीने तो खाली ठेवला. दुसरा घेतला, तिसरा घेतला. उठून दार लावलं आणि पुन्हा बसून चौथा ओढला.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"तुझ्या भावाचेसुद्धा कोंडलेत."

"अगं बाई. सगळे?"

"सगळे. माझ्यापेक्षा जास्तच." आणि बोलता बोलता दाजीच्या तोंडावर कित्येक महिन्यांत न दिसलेलं हसू आलं. "घाई केली पठ्ठ्याने. डोंगराची घाई. मला म्हणतो, एखाददुसराच निघतो."

"मी बघू ओढून?"

"तू? पाईप ओढणारी बाई?" तो हसला, हसता हसता खोकला, भिंतीचा आधार घेऊन पुरतं खोकून झाल्यावर डोळे पुसून म्हणाला, "तू मेण लाव."

चार दिवस तो तेच करत होता. एकेका पाईपला तो तीनदा ओढायचा, गिरमिट फिरवायचा, पुन्हा ओढायचा. ओढून ओढून त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. मध्येच उठून दारात जाऊन उभा राहायचा आणि दाराची चौकट धरून श्वास घ्यायचा. पण काम जीव लावून केलं. एकाही दांड्याला चीर पडू दिली नाही, एकही नळी वाकडी बसवली नाही. मेहुण्याच्या अठ्ठावीस पाईपांतली खोट त्याने कोणाला न सांगता, बहिणीच्या नवऱ्याला शोभेल अशा मोठ्या मनाने दुरुस्त केली. सांगायचंच नाही, असंही त्याने ठरवलं. बायकोला बजावलं, "तू बोलायचं नाहीस. मालकाची चूक चारचौघांत काढू नये."

*

मेहुणा परतला त्याच सकाळी दुकानदाराची गाडी दारात उभी राहिली. मेहुण्याचे हात अजून मातीने भरलेले, दाढी वाढलेली. पेटी उघडून त्याने वरचे चार-पाच पाईप उचलून बघितले. मेणाने लाकडातल्या रेघा पेटल्यासारख्या दिसत होत्या.

"दाजी," तो म्हणाला, "हात वळला तुमचा. बाबा असते तर…" आणि त्याने दाजीच्या पाठीवर हात ठेवला.

दुकानदार म्हातारा, चेंगट, नाकावर चष्मा घसरलेला. भावजयने त्याला खुर्ची दिली. त्याने पेटीत हात घालून, न बघता, मधला एक पाईप काढला, खिशातली तंबाखू भरली, काडी ओढली. दोन झुरके घेतले. तिसऱ्याला त्याचं तोंड वाकडं झालं.

"अहो, हा पाईप आहे का धुरांडं?" तो म्हणाला. "जीभ भाजली माझी. धरवत नाही हातात. हात लावून बघा."

मेहुण्याने हात लावला. वाटी निखाऱ्यासारखी तापली होती. पाईप ओढताना शीळ वाजत होती.

"दुसरा बघा ना," मेहुणा म्हणाला. "एखादा निघतो."

दुसरा पेटवला. तिसरा. चौथा न पेटवताच दुकानदाराने नळी काढून दांडा उजेडासमोर धरला आणि मग मेहुण्यापुढे केला. "यातून माझी करंगळी जाईल. आतली भिंत उरलीय का काही? महिन्याभरात जळून आरपार होईल हा."

मेहुण्याने पेटी जमिनीवर उपडी केली. एकेक नळी ओढून काढत गेला, दांडा डोळ्याला लावून बघत गेला, बाजूला टाकत गेला. मोठं केलेलं भोक पुन्हा लहान करता येत नाही. लाकडाला तेवढी एकच दिशा ठाऊक. त्रेचाळिसावा बघून झाला तेव्हा तो उकिडवा बसला होता, तसाच दाजीकडे वळला.

"काय केलंस हे?" तो म्हणाला. "अं? काय केलंस तू?"

तीस वर्षांत त्याने दाजीला 'तू' म्हटलं नव्हतं. खोलीत सगळ्यांना ते ऐकू आलं.

"कोंडलेले होते," दाजी म्हणाला.

"किती?"

"सगळे. तुझेसुद्धा. तुझेच जास्त. मी बोलणार नव्हतो."

"माझे?" मेहुणा उठला. "माझे कोंडलेले? जायच्या दिवशी मी स्वतः…" आणि तो मध्येच थांबला. दाजीच्या तोंडाकडे बघत राहिला. दाजी भिंतीला हात टेकून उभा होता. एवढं बोलल्यानेच त्याचा खांदा वर-खाली होत होता आणि गळ्याच्या खळगीत कातडी आत ओढली जात होती.

मेहुण्याने खिशातून स्वतःचा पाईप काढला. बापाच्या हातचा, काळा पडलेला, त्या घरात मापाला धरायचे तो. तो त्याने झटकला, तार घालून साफ केला, नळी बाहीला पुसली.

"दाजी, हा ओढा. रिकामाच," तो म्हणाला. "ओढा तुम्ही."

पुन्हा 'तुम्ही' झालं. मघाच्या 'तू'ने दाजीला राग आला होता. हे 'तुम्ही' त्याहून वाईट होतं.

त्याने पाईप ओठांत धरला. ओढला. गाल आत गेले, मानेच्या शिरा टरारल्या.

"हाही कोंडलाय," तो म्हणाला. "जुना आहे. आत राळ धरली असेल."

मेहुण्याने तो दुकानदारापुढे केला. दुकानदाराने ओढला. "चांगला वाहतोय की. काय झालं याला?" त्याला काहीच कळलं नव्हतं. तो चष्म्यावरून एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिला. मग पेटीकडे बघत म्हणाला, "वाईट वाटतं रे. पण मी हे नेऊ शकत नाही. पुढच्या वर्षी बघू. एका माणसाचंच बघू." भावजयने चहा टाकला होता, तो न घेताच तो गेला.

गाडीचा आवाज दूर गेला. जमिनीवर त्रेचाळीस पाईप पसरले होते. वर्षाचं लाकूड. पुढची रास पिकायला अजून अख्खं वर्ष होतं, आणि ते अख्खं वर्ष त्या घराला काढायचं होतं. भावजय दारात उभी होती. दाजी तिच्याकडे बघत राहिला. आता ही बोलेल. बोलू दे. तिने बोलावं असंच त्याला वाटत होतं.

तिने दुकानदार बसला होता ती खुर्ची उचलली, पदराने पुसली आणि दाजीच्या मागे आणून ठेवली.

"बसा," ती म्हणाली. "उभे राहू नका."

दाजी बसला नाही. पडवीत गेला, पत्र्याच्या पेटीतून ती अकरा ठोकळ्यांची माळ घेऊन आला आणि सुतळीची गाठ सोडायला लागला. नखाने गाठ सुटेना.

"हे त्रेचाळीस पण ओवतो," तो म्हणाला. "सुतळी पुरायची नाही. अजून दे."

मेहुण्याने माळ त्याच्या हातून हळूच काढून घेतली.

"राहू द्या."

"तुझ्या बापाची रीत आहे. चुकलेला समोर टांगायचा."

"राहू द्या, दाजी," मेहुणा म्हणाला. त्याने ती माळ खिळ्याला अडकवली आणि पाईप एकेक उचलून पेटीत परत ठेवायला लागला, जसे काही ते चांगलेच होते.

तेव्हा कुठे दाजी खुर्चीवर टेकला.

बायको एवढा वेळ मेणाचं फडकं हातात घेऊन कोपऱ्यात उभी होती. ती पुढे आली. भावाचा काळा पाईप फळीवर पडला होता, तो तिने उचलला. मेहुणा म्हणाला, "ताई, नको," पण तिने नळी ओठांत धरली. आयुष्यात पहिल्यांदाच. हवा थेट आत गेली. कुठेही काही लागलं नाही. उघड्या माळावर उभं राहून श्वास घ्यावा तशी ती हवा तिच्या छातीत शिरली.

तिने पाईप खाली घेतला.

"कोंडतोय," ती म्हणाली. "थोडा कोंडतोयच की. यांचं बरोबर आहे."

मेहुणा पाठमोरा झाला.

"पुन्हा ओढ," दाजी म्हणाला.

"अहो, कोंडतोय म्हटलं ना."

"ओढ."

तिने पुन्हा नळी ओठांत धरली. या वेळी तिने त्याच्यासारखे गाल आत घेतले, कपाळाला आठ्या घातल्या, खांदे वर उचलले. पण छाती कशी अडवणार? ती आपली भरत गेली. विणायच्या सुईएवढ्या वाटेने हवा आत जात होती, निवांत, कुठेही न अडखळता. तिचा श्वास लांब होता. तो संपेपर्यंत दाजी ऐकत राहिला.